खाली ठेवलेला फिंजान

व्हॅलेंटाईन तुस्कानो कुणाच्या घरून काही न घेता कधी उठला नाही. वसईला त्याच्या आईने त्याला एवढं एकच शास्त्र शिकवलं होतं. समोर आलेलं पाणी नाकारलं तर घरधन्याचा अपमान होतो; घोटभर का होईना घ्यायचं, गोड बोलायचं आणि मग आपलं काम काढायचं. बाई बिचारी खरंच तशी वागायची आणि तिची कामंही होत असत. मुलगा तेच शास्त्र घेऊन मस्कतच्या विमानात बसला, आणि त्यात काही चूक आहे असं सांगायला वाटेत कुणी भेटलं नाही.

रुसैलच्या एका रंगाच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. ॲनी, त्याची बायको, एका हॉटेलच्या लाँड्रीत होती. मुलगी नताशा इंडियन स्कूलमध्ये दुसरीत, मराठीत दोन वाक्यं बोलून तिसऱ्याला इंग्रजीत घसरणारी. सीबच्या मागच्या अंगाला, जिथे डांबरी रस्ता संपून खडी सुरू होते, तिथे एका दुमजली इमारतीत ते राहत. मधे चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना घरं, आणि चौकाच्या पोटात जमिनीखालची पाण्याची टाकी. निळा टँकर यायचा, पाइप सोडायचा आणि टाकी भरून जायचा. टाकी दोन पुरुष खोल होती. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि जे सगळ्यांना माहीत असतं त्याची आठवण कुणालाच राहत नाही.

घरमालक खल्फान, ज्याला सगळे अर्बाब म्हणजे मालक म्हणत, शेजारच्याच घरात राहायचा. मूळचा तो इब्रीच्या पलीकडचा, वाळवंटातल्या माणसांचा. पांढरी दाढी, हळू आवाज, हातात काठी. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर, तो भाडेकरूंना आपल्या मजलिसीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत, बोलवायचा. गालिचावर सगळे मांडी घालून बसत. आधी खजूर, मग मुनीर नावाचा त्याचा माणूस उंच चोचीच्या किटलीतून कॉफी ओतायचा. बिनकानाचा इवलासा कप, त्याला ते फिंजान म्हणतात. नको असेल तेव्हा तो हलवून परत द्यायचा. मग अर्बाब म्हणायचा, "हां, बोलो. क्या मुश्किल?" आणि सगळ्यांच्या माना व्हॅलेंटाईनकडे वळत, कारण अरबी थोडंफार त्यालाच यायचं आणि जिभेवर साखर तर त्याच्याच होती.

तो फिंजान संपवायचा, बहुतेक वेळा दुसराही घ्यायचा, कॉफीची तारीफ करायचा, अर्बाबच्या गुडघ्याची चौकशी करायचा, आणि मग सुरू करायचा. जिन्यातला दिवा. कचऱ्याच्या डब्यावरची मांजरं. झुरळं. वरच्या मजल्यावरचं कमी पाणी. अर्बाब मान डोलवायचा. "इन्शाल्ला. माफी मुश्किल." म्हणजे काही अडचण नाही. कधी दिवा यायचा, कधी यायचा नाही. माणसं खूश होऊन घरी परतत, कारण कुणी आपलं ऐकून घेतलं की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. उरलेलं निम्मं कोण करणार, हा प्रश्न पुढच्या गुरुवारवर.

झाकणाचं प्रकरण सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात सुरू झालं. टँकरवाला उस्मान गाडी मागे घेत होता आणि मागचं चाक टाकीच्या लोखंडी झाकणावर चढलं. झाकण जुनं, गंजलेलं. मधोमध तडकलं, आणि त्यातला एक तुकडा आत पडला. बुडताना त्याचा आवाज उशिरा आला. चौकात उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो ऐकला.

व्हॅलेंटाईन कामाचा माणूस. त्याच संध्याकाळी कारखान्यातून पॅकिंगच्या खोक्याची जाड प्लायवुडची फळी आणली, तोंडावर टाकली आणि कडेला विटा लावल्या. "तात्पुरतं," तो म्हणाला. "गुरुवारी अर्बाबला सांगतो."

समोरच्या घरातली सुगंधा दारात उभी राहून बघत होती. ती मालवणची, नवरा पेट्रोल पंपावर, आणि बाई अशी की जे पोटात तेच ओठात. मजलिसीत बायका जात नसत, नाहीतर ती बैठक केव्हाच वेगळी झाली असती.

"फळी घातलास ता बरा केलास, भाऊ," ती म्हणाली. "पन आता झाकान कोन देतलो? भोक दिसता तवसर मानूस धावता."

व्हॅलेंटाईन हसला. पण खरं सांगायचं तर ती जे बोलली तेच पुढे घडत गेलं.

पहिल्या गुरुवारी त्याने झाकणाचा विषय काढला. दिवा, झुरळं, मांजरं झाल्यावर, चौथ्या नंबरवर. कॉफी पिऊन झाली होती, हलवाही खाऊन झाला होता, सगळे उठायच्या बेतात होते. अर्बाब म्हणाला, "लकडी लगाया ना? शाबाश, वालंतीन." पुढच्या महिन्यात पुन्हा सांगितलं. "इन्शाल्ला." त्याच्या पुढच्या महिन्यात अर्बाब इब्रीला गेला होता. मग रमजान आला. ते झाकण असं भिजत घोंगडं होऊन बसलं.

चौकातल्या पोरांना मात्र फळीचा शोध लागला. तिच्यावर उडी मारली की खाली पोकळीत आवाज घुमायचा. धब्ब. पोरं तिला ढोल म्हणायला लागली. कडेवर, विटांजवळ, उडी मारायची हे त्यांना एकमेकांकडून कळलं होतं. मधे फळी वाकायची. संध्याकाळी ॲनी स्वयंपाकघरात असली की खालून तो आवाज यायचा. धब्ब. धब्ब. ती पोळपाटावरचा हात थांबवायची आणि पुढचा आवाज येईपर्यंत तसाच धरून ठेवायची.

"वॅली, मला तो आवाज सहन होत नाही," ती म्हणायची.

"मी बोललोय ना."

"तू बोलतोस. तू किती गोड बोलतोस ते मला माहितेय."

ती नताशाला ओरडायची, हात धरून वर आणायची. दोन दिवस मुलगी शहाण्यासारखी वागायची, मग येरे माझ्या मागल्या. मुलांना काय, ज्या जागेला आईबाप घाबरतात तीच जागा त्यांना खेळायला हवी असते. ॲनीला झोपेत स्वप्न पडायचं. त्यात काही घडायचं नाही, नुसतं फळीवर कुणीतरी उभं असायचं आणि त्याचा चेहरा दिसायचा नाही. सकाळी उठून ती आधी मुलीच्या पलंगाकडे जायची.

पुढच्या उन्हाळ्यातली एक बैठक व्हॅलेंटाईनच्या लक्षात राहिली, पण भलत्याच कारणासाठी. मजलिस रंगात आली होती आणि मधेच एक माणूस आत आला. वाळवंटातला, धुळीने माखलेला, डोक्याला फडकं. सलाम झाला, जागा दिली गेली, मुनीरने त्याच्या हातात फिंजान दिला. आणि त्या माणसाने तो ओठाला न लावता समोर गालिचावर ठेवून दिला.

मजलिस एकदम गप्प झाली. हिंदुस्थानी मंडळी एकमेकांकडे बघू लागली. अर्बाबने हातातली काठी बाजूला ठेवली, पुढे वाकला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाला. व्हॅलेंटाईनला त्यातला एकच शब्द कळला, "इश्रब", म्हणजे पी. माणसाने कप उचलून एका घोटात रिकामा केला, मग चारदोन वाक्यं बोलला. अर्बाब उठला. बैठक तिथेच खलास. मुनीर गाडी काढायला धावला आणि दोघेही त्या माणसाबरोबर धूळ उडवत निघून गेले. नंतर कळलं की त्याच्या विहिरीचा पंप जळाला होता, बकऱ्या तहानेने मरत होत्या, आणि अर्बाबने त्याच रात्री नवीन पंप बसवून दिला.

व्हॅलेंटाईनने घरी येऊन ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. "काय रीत आहे का? हातात दिलेला कप चक्क जमिनीवर! आमच्या मम्मीने पाठीत धपाटा घातला असता."

जिन्याच्या पायरीवर सुगंधा भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "पन काम झाला मां तेचा?"

सगळे हसले, आणि तोही हसला. तेवढ्यात खाली चौकात धब्ब झालं आणि ॲनी उठून कठड्याशी गेली.

वर्ष उलटलं. फळी बदलत चालली होती. उन्हात ती सुकून वर यायची, टँकरच्या सांडलेल्या पाण्याने फुगून खाली बसायची. कडांचे पापुद्रे सुटले, मधे काळा डाग पडला आणि तो हळूहळू पसरला. आवाजही बदलला. पूर्वी ढोलासारखा घुमायचा, आता ओल्या गोणीवर काठी मारावी तसा बसका यायचा. पोरांना तो आवडेना, म्हणून ती आणखी जोरात उड्या मारायला लागली. व्हॅलेंटाईन म्हणाला, दुसरी फळी आणतो. पण कारखान्यात आता खोकी पुठ्ठ्याची येत होती, आणि मनातून त्याला सुगंधाचं बोलणं आठवत होतं. नवी फळी घातली तर झाकण कधीच येणार नाही, असं त्याला वाटलं. एवढा एकच हिशेब त्याने शहाणपणाने केला आणि तोही नेमका नको तिथे.

मोठ्या ईदच्या आधीच्या बैठकीला तो निघाला तेव्हा ॲनी दाराशी आडवी उभी राहिली. दुपारी कपडे वाळत घालायला जाताना तिने फळीच्या कडेवर पाय ठेवून बघितला होता. लाकडातून पाणी वर आलं होतं.

"आज झाकणाशिवाय दुसरं काही बोलायचं नाही. दिवा नाही, मांजर नाही. पहिल्यांदा झाकण. प्रॉमिस कर."

"प्रॉमिस."

"वॅली, आपली पोर तिथे खेळते."

"अगं, मला कळतं ना!"

त्याला खरंच कळत होतं. चौक ओलांडताना त्याने फळीला वळसा घातला. आज स्पष्ट बोलायचं, असं घोकतच तो मजलिसीत शिरला.

पण अर्बाब त्या दिवशी इतका आनंदात होता! इब्रीहून त्याची मुलगी ईदला येणार होती, नातवंडं येणार होती. धाकटी सफूरा तर आजोबाशिवाय जेवत नाही म्हणे. तिकडचा ताजा हलवा आला होता, वाफाळणारा, केशर घातलेला. अर्बाबने आपल्या हाताने व्हॅलेंटाईनपुढे वाटी सरकवली. "तुम पहले, वालंतीन. तुम मेरा भाई." मुनीरने फिंजान भरला. अशा माणसाच्या तोंडावर, असा पदार्थ समोर असताना, कॉफी तशीच ठेवून झाकणाचं रडगाणं गायचं? आईने शिकवलेलं शास्त्र आडवं आलं. तो प्यायला. पुन्हा प्यायला. मग म्हणाला, "अर्बाब, वो पानी की टाकी का ढक्कन..."

"ईद के बाद," अर्बाब हसून म्हणाला. "इन्शाल्ला, पक्का."

घरी ॲनीने विचारलं, "बोललास?"

"बोललो. पहिल्यांदा तेच बोललो."

"आणि?"

"ईदनंतर पक्कं."

ॲनीने खाली जाऊन एक मोडकी लोखंडी खुर्ची ओढत आणली आणि फळीवर आडवी टाकली. त्या रात्री तिला झोप चांगली लागली.

ईदच्या आदल्या दिवशी उस्मानचा टँकर आला. पाहुणे येणार, पाणी जास्त लागणार, म्हणून अर्बाबने टाकी काठोकाठ भरायला सांगितली होती. उस्मानने खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली, पाइप सोडला, टाकी भरली, फळी परत सरकवली आणि ईद मुबारक म्हणत निघून गेला. खुर्ची भिंतीशीच राहिली.

ईदच्या दुपारी सगळी वस्ती जेवून सुस्तावली होती. अर्बाबच्या घरून प्रत्येकाकडे मटणाचं ताट आलं होतं. व्हॅलेंटाईन सोफ्यावर पेंगत होता, ॲनी भांडी विसळत होती. खाली पोरांचा गलका होता, त्यात नवे आवाज होते, नव्या कपड्यांची सळसळ होती. धब्ब. नताशाचं हसणं. धब्ब. ॲनीचा हात थांबला. खुर्ची, तिला वाटलं, खुर्ची आहे ना तिथे?

मग जो आवाज आला तो धब्ब नव्हता. भिजलेलं कापड फाटावं तसा तो होता. त्याच्यामागून काहीच आलं नाही.

ॲनीने नवऱ्याला हाक मारायच्या आत व्हॅलेंटाईन जिन्यात होता. चप्पल नाही, लुंगी सावरत, नताशा, नताशा, एवढंच ओरडत. चौकात पोरं भिंतीला चिकटून उभी होती. फळीला मधोमध भोक पडलं होतं. आणि त्या भोकाच्या कडेला त्याची मुलगी उभी होती, कोरडी, अख्खी, हातात एक लहानसा सोनेरी सँडल घेऊन.

त्याने तिला उचललं. छातीशी इतकं घट्ट धरलं की तिला श्वास घेता येईना. देवा, तुझे उपकार, तो पुटपुटला, तिच्या केसांत तोंड खुपसून पुन्हा पुन्हा पुटपुटला. आयुष्यात एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता. आणि त्या आनंदात तो तसाच उभा राहिला, किती वेळ ते त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही.

"डॅडी," नताशा त्याच्या खांद्यावरून म्हणाली. "डॅडी, सफूरा खाली आहे. शी डिडन्ट नो. ती मधे... मधे जंप केली."

तेव्हा कुठे त्याला तिच्या हातातल्या सँडलचा अर्थ लागला. त्याने मुलीला खाली टाकल्यासारखं ठेवलं आणि भोकाशी पालथा पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. हाताला गार पाण्याशिवाय काही लागलं नाही. वरून सुगंधा बेंबीच्या देठापासून ओरडत होती. शेजारच्या घरातून मुनीर धावत आला, उरलेली फळी बाजूला फेकून कपड्यांसकट आत उतरला, वर आला, पुन्हा आत गेला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या हातात हिरव्या झग्यातली ती पोर होती. हॉस्पिटलला नेलं, पण न्यायचं म्हणून नेलं.

अर्बाबच्या मजलिसीत तीन दिवस माणसं सांत्वनाला येत होती. व्हॅलेंटाईन दोन दिवस गेला नाही. तिसऱ्या दिवशी ॲनीने त्याचा शर्ट इस्त्री करून पुढ्यात ठेवला. "जा," ती म्हणाली. नताशा आईच्या मागे उभी राहून बापाकडे बघत होती. चौकात भोकावर आता कारखान्याचा एक पत्रा होता, वर मोठमोठे दगड. तो त्याच्याजवळून गेला.

मजलिस भरलेली होती आणि शांत होती. अर्बाब त्याच कोपऱ्यात बसला होता, पण आकाराने लहान झाल्यासारखा. त्याने व्हॅलेंटाईनकडे पाहिलं, मान हलवली. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मुनीरने लाल डोळ्यांनी त्याच्या हातात फिंजान दिला.

व्हॅलेंटाईनने तो ओठाशी नेला. वेलदोड्याचा तोच वास. एक थेंबही आत जाईना. त्याने तो कप तसाच भरलेला समोर गालिचावर ठेवला.

मजलिस एकदम गप्प झाली. तो आधीच गप्प बसलेल्या माणसांचा गप्पपणा होता, पण वेगळा. जपमाळा थांबल्या. सगळ्यांचे डोळे त्या कपावर. हे असं आपण पूर्वी कधीतरी बघितलंय, एवढं त्याला आठवलं, पण कधी ते आठवेना.

अर्बाबने डोकं वर केलं. तीन दिवस काठी हातातून न सोडलेल्या त्या म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवली, पुढे वाकला आणि जन्मभराच्या सवयीने म्हणाला, "इश्रब, वालंतीन. क्या माँगता है, बोलो. तुम्हारा काम हो गया समझो."

व्हॅलेंटाईनला काही कळेना. मुनीर त्याच्या कानाशी वाकला आणि हिंदीत कुजबुजला, "कप नीचे रखा तो मतलब बहुत बड़ी ज़रूरत है. जब तक मालिक हाँ नहीं बोलता, मेहमान नहीं पीता. हाँ बोल दिया तो फिर करना ही पड़ता है, भाई. यहाँ बच्चा-बच्चा जानता है."

अर्बाब त्याच्याकडे बघत होता. हळूहळू त्या म्हाताऱ्या डोळ्यांत काहीतरी उमगत गेलं. "तुम हमेशा पिया," तो म्हणाला. दोष द्यायला नव्हे, नुसतं आश्चर्याने. "हर बार पिया. मैं समझा, बात छोटी है."

काय मागायचं होतं आता? आभाळ फाटलं होतं आणि मागायला काही उरलं नव्हतं. पण सगळी मजलिस थांबली होती, अर्बाब थांबला होता, आणि व्हॅलेंटाईनच्या तोंडून दीड वर्ष साठलेला तो एकच शब्द बाहेर पडला.

"ढक्कन," तो म्हणाला.

अर्बाबने डोळे मिटले आणि मान हलवली. मग व्हॅलेंटाईनने गार झालेला फिंजान दोन्ही हातांनी उचलला आणि रिकामा केला. मुनीर गाडीची किल्ली घेऊन केव्हाच बाहेर पडला होता. सूर्यास्ताची, मगरिबची बांग व्हायच्या आत चौकात नवं लोखंडी झाकण बसलं.